चौथा भिडू

रात्रीचे साडेअकरा. मी पुण्यात, एक जण बंगळुरूत, एक नाशकात आणि चौथा सांगलीत, घरच्या गच्चीलगतच्या खोलीत. चौघंही इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलचे रूममेट. नोकऱ्यांनी चार दिशांना पांगवलं, तरी आठवड्यातून दोन रात्री आम्ही 'वॉर थंडर'च्या आकाशात भेटायचो.

त्या रात्री मॅच सुरू होऊन तीन-चार मिनिटं झाली असतील. हेडफोनमध्ये चौथ्याचा आवाज आला, "माझ्या मागं दोघं लागलेत. मी यांना खाली डोंगरात घेऊन जातो. तुम्ही वर चढा."

आम्ही वर चढलो. तो खाली दऱ्याखोऱ्यांतून वळत राहिला. त्याच्या मागचे दोघंही 'आता सापडेल, मग सापडेल' म्हणत त्याच्याबरोबर फिरत राहिले. तेवढ्यात आम्ही तिघांनी भरपूर उंची कमावली आणि उरलेल्यांवर वरून झडप घातली. मला पाच किल मिळाले. आयुष्यातली माझी सर्वांत चांगली मॅच. आम्ही जिंकलो.

मग स्कोअरबोर्ड आला. मी सगळ्यात वर. चौथा खालून दुसरा. किल शून्य, असिस्ट शून्य, मृत्यू एक. बंगळुरूवाला म्हणाला, "काय भावा, झोपला होतास काय?" आम्ही हसलो. मीही हसलो. तोही हसला.

पुढच्या दोनेक महिन्यांत त्याचं येणं कमी होत होत थांबलं. विचारलं तर म्हणाला, "कंटाळा आला रे." विषय संपला. माझ्यासाठी मात्र तो संपला नाही. ती मॅच जिंकून देणाऱ्या माणसाला खेळाने शून्य दिलं होतं, आणि आम्ही मित्र असूनही खेळाचंच खरं मानलं होतं. हे कसं झालं? आणि 'टीमवर्क' हा शब्द जाहिरातीत मिरवणाऱ्या या खेळांमध्ये टीम नेमकी असते कुठे?

*

ज्यांनी कधी खेळलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. 'वॉर थंडर' हा गायजिन एंटरटेनमेंट या कंपनीचा खेळ. २०१२ च्या नोव्हेंबरमध्ये तो सगळ्यांसाठी खुला झाला. फुकट आहे, साध्या लॅपटॉपवरही ओढूनताणून चालतो, म्हणून हॉस्टेलांमध्ये लोकप्रिय. यातल्या विमानांच्या 'रिअॅलिस्टिक' प्रकारात दोन्ही बाजूंना जास्तीत जास्त सोळा-सोळा खेळाडू असतात. त्यांपैकी चौघांपर्यंतचं स्क्वॉड तुम्ही स्वतः जमवू शकता. बाकीचे कोण, कुठले, काहीच माहीत नसतं. एका मॅचमध्ये एकच विमान मिळतं. ते पडलं की तुम्ही प्रेक्षक.

या खेळात उंची म्हणजे बँकेतला पैसा. उंचावरचं विमान खाली झेपावून वेग मिळवू शकतं, मारू शकतं, परत वर निघून जाऊ शकतं. खालच्याकडे असे पर्याय नसतात. म्हणून शहाणा खेळाडू आधी मुकाट्याने वर चढतो. पण चढण्यात चार-पाच मिनिटं जातात आणि तेवढ्या वेळात काहीच 'घडत' नाही. त्यामुळे निम्मी टीम मॅच सुरू होताच नाक खाली करून समोरच्यावर धावून जाते आणि पाच मिनिटांत संपते. सोळा अनोळखी माणसं एका बाजूने लढतात, पण एकत्र लढत नाहीत.

याचा दोष खेळाडूंना देणं सोपं आहे. 'लोकांना टीमवर्क कळत नाही,' असं म्हणून आम्हीही बरीच वर्षं शिव्या घातल्या. पण लोक खेळतात ते खेळाने कशाला पैसे ठेवलेत ते बघून. 'वॉर थंडर'मध्ये ते शब्दशः खरं आहे. दर मॅचनंतर 'सिल्व्हर लायन्स' नावाचं चलन आणि पुढची विमानं उघडायला लागणारे संशोधनाचे गुण मिळतात. शत्रू पाडला की भरपूर. तुम्ही जखमी केलेला शत्रू दुसऱ्याने पाडला तर असिस्टचे थोडे कमी. पण तुम्ही एकही गोळी न झाडता दोन शत्रूंना चार मिनिटं गुंतवून ठेवलं, तर त्याला स्कोअरबोर्डवर रकानाच नाही. जे मोजलं जात नाही ते घडलंच नाही, हा त्या पडद्याचा निकाल असतो.

*

हा आजार कॉम्प्युटरपेक्षा जुना आहे. विमानांची लढाई सुरू झाली आणि तिच्याबरोबरच मोजणी सुरू झाली. पाच विमानं पाडली की 'एस' ही प्रथा पहिल्या महायुद्धातली. मग एका विमानावर दोघांनी मारा केला तर ते कुणाच्या नावावर लिहायचं? ब्रिटिशांनी वाटणी मान्य केली. त्यांच्या वैमानिकांच्या नोंदींत चक्क अर्धं विमान पाडल्याची नोंद सापडते. जर्मन हवाई दलाचा नियम उलटा होता. एक विमान, एकच वैमानिक. हिशेबाच्या या दोन पद्धती म्हणजे टीमकडे बघायच्या दोन नजरा आहेत. आजच्या खेळांनी असिस्टचा रकाना देऊन मधला मार्ग काढला, पण मान अजूनही मारणाऱ्यालाच.

ऑस्वाल्ड बोल्के हा जर्मन वैमानिक या सगळ्याचा आद्य गुरू. १९१६ मध्ये त्याने हवाई लढाईचे आठ नियम लिहिले आणि आजही 'वॉर थंडर'च्या नवख्यांना जे शिकवलं जातं त्यातलं बरंचसं तिथूनच आलेलं आहे. सूर्य पाठीशी ठेवा, जवळ गेल्याशिवाय गोळी झाडू नका, वगैरे. शेवटचा नियम टीमबद्दल आहे. हल्ला चार किंवा सहाच्या गटाने करा, आणि लढाई सुटी-सुटी झाली की एकाच शत्रूमागे अनेकांनी लागू नका.

त्याच वर्षी २८ ऑक्टोबरला बोल्के आणि त्याचा सहकारी एर्विन ब्योमे एकाच ब्रिटिश विमानामागे लागले होते. वाटेत दुसरं विमान आडवं आलं, ते चुकवताना दोघांची विमानं एकमेकांना घासली, आणि पंचवीस वर्षांचा बोल्के मेला. चाळीस विमानं त्याच्या नावावर होती आणि नियम त्याने स्वतः लिहिला होता. दर मॅचमध्ये एका लंगड्या शत्रूमागे आमच्या बाजूची चार विमानं रांगेने लागतात आणि त्यांतली दोन एकमेकांवर आदळतात, तेव्हा मला बोल्के आठवतो. नियम माहीत असून काही होत नाही. समोर किल दिसत असताना तो सोडून देता येणं ही वेगळी गोष्ट आहे.

*

मी आमच्या स्क्वॉडचा न निवडलेला लीडर होतो. सगळ्यात आधी खेळायला लागलो एवढीच पात्रता. सुरुवातीला माझी पद्धत सोपी होती. 'माझ्या मागं या.' तिघं माझ्या मागे अगदी चिकटून यायचे. दिसायला झकास. आणि आम्ही सपाटून मार खायचो.

कारण नंतर एका जुन्या गोष्टीत सापडलं. १९४० मध्ये ब्रिटिश हवाई दल तीन-तीन विमानांच्या घट्ट त्रिकोणात उडायचं. पुढे लीडर, बाजूंना दोघं. आता इतक्या जवळून उडायचं तर त्या दोघांना सतत लीडरकडेच बघावं लागतं, नाहीतर टक्कर. म्हणजे तिघांपैकी आकाशाकडे बघणारा एकच. जर्मन वैमानिक स्पेनच्या यादवी युद्धात वेगळं शिकून आले होते. व्हेर्नर म्योल्डर्सने रुजवलेल्या त्या पद्धतीत हाताची चार बोटं पसरल्यासारखी चार विमानं, दोन जोड्यांमध्ये, बऱ्याच अंतरावरून उडायची. अंतर असल्यामुळे शेजाऱ्याला धडकायची भीती नाही, आणि चौघंही चहूकडे बघायला मोकळे. ब्रिटिशांनी मार खाल्ल्यावर हळूहळू हीच रचना उचलली.

सगळे लीडरकडे बघत असतील तर ती टीम शिस्तबद्ध दिसते आणि आंधळी असते. हे मला खेळातून कळलं, ऑफिसात बऱ्याच उशिरा. आम्ही पांगून उडायला लागल्यावर आमच्या मॅचेस सुधारल्या. त्याच काळात चौथ्याने स्वतःहून ते काम घेतलं, जे आम्हां तिघांपैकी कुणालाच नको होतं. मागे राहायचं, बघत राहायचं, आणि गरज पडली की आमिष व्हायचं.

*

मग आम्ही थॅच वीव्ह करून बघायचं ठरवलं. अमेरिकन नौदलाच्या जॉन थॅचपुढे १९४१ मध्ये प्रश्न होता की आपलं वाइल्डकॅट विमान जपानी झीरोपेक्षा वळण्यातही कमी आणि चढण्यातही कमी, तर टिकायचं कसं? घरच्या टेबलावर आगकाड्या मांडून त्याने उत्तर शोधलं. दोन विमानं शेजारी-शेजारी, मध्ये अंतर राखून. एकाच्या मागे शत्रू लागला की दोघांनी एकमेकांच्या दिशेने वळायचं. पाठलाग करणारा आपोआप दुसऱ्याच्या बंदुकीसमोर येतो. ४ जून १९४२ ला मिडवेच्या लढाईत थॅचने हे प्रत्यक्ष वापरलं आणि झीरोंच्या गराड्यातून तो जिवंत परतला. ज्या टॉर्पेडो विमानांच्या रक्षणाला तो गेला होता ती जवळपास सगळी पडली, हेही सांगायला हवं. युक्ती चांगली असली तरी सहा विमानांनी सगळं आकाश सांभाळता येत नाही.

यातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट म्हणजे इशाऱ्याची गरजच नाही. माझी पाठ मला दिसत नाही, ती शेजाऱ्याला दिसते. शेजारी अचानक माझ्याकडे वळला याचाच अर्थ माझ्या मागे कुणीतरी आहे. त्याचं वळणं हाच निरोप. भरवशाची याहून नेटकी रचना मी कुठल्या डिझाइन डॉक्युमेंटमध्ये पाहिलेली नाही.

'वॉर थंडर'मध्ये वाइल्डकॅट आहे, झीरोही आहे. आम्ही केलं. जमलं, पण पोकळ वाटलं. का, ते कळायला वेळ लागला. रिअॅलिस्टिक प्रकारात कॅमेरा तुमच्या विमानाच्या मागे, बाहेर तरंगत असतो. माउस फिरवला की स्वतःची पाठ दिसते. प्रत्येक मित्राच्या डोक्यावर नाव आणि अंतर लिहिलेलं, टप्प्यात आलेल्या शत्रूवर लाल खूण. थोडक्यात, माझी पाठ बघायला मला कुणाच्याही डोळ्यांची गरज नाही. थॅचचा अख्खा शोध ज्या उणिवेवर उभा आहे, ती उणीवच खेळाने भरून काढली. भिडूची गरज संपली आणि भिडू शोभेपुरता उरला.

माझ्या मते 'वॉर थंडर'ची खरी मर्यादा इथे आहे. गुणांची पद्धत उद्या बदलता येईल. 'शत्रूला गुंतवून ठेवलं' असा रकाना टाकणं कुठल्याही डेव्हलपरला जमेल. पण जिथे प्रत्येकाला सगळं दिसतं तिथे कुणी कुणाशी बोलत नाही. आणि बोलायला तरी काय आहे? तयार आज्ञांची एक यादी. 'मला कव्हर करा', 'माझ्या मागे या', 'धन्यवाद'. त्यांतली 'अटॅक द डी पॉइंट!' ही आरोळी तर जगभरच्या खेळाडूंचा विनोद होऊन बसली आहे. मॅच हरताना लोक ती मुद्दाम वाजवतात. जी भाषा चेष्टेलाच उरली तिच्यातून टीम कशी उभी राहणार?

न्याय म्हणून सांगतो, याच खेळात 'सिम्युलेटर' नावाचा प्रकारही आहे. तिथे कॉकपिटमधूनच बघायचं, शत्रूवर खूण नाही. तिथले खेळाडू जास्त बोलतात. माझा मुद्दा त्याने पक्काच होतो.

*

चौथा गेल्यावर मी 'डीसीएस वर्ल्ड'कडे वळलो. हा वेगळ्याच जातीचा खेळ. इंजिन सुरू करायलाच दहा मिनिटं शिकावं लागतं. त्यातल्या एफ-१४ टॉमकॅट या विमानाने मला सर्वांत जास्त शिकवलं. हीटब्लर या कंपनीने ते २०१९ मध्ये आणलं. विमान दोन आसनी आहे. पुढचा माणूस उडवतो. लांबचं बघणारा रडार चालवतो मागचा, आणि पुढच्याला त्याचे मुख्य कंट्रोल हाताळताच येत नाहीत. मागे माणूस नसेल तर 'जेस्टर' नावाचा कॉम्प्युटर ते काम करतो. पण खरा माणूस बसला की खेळ बदलतो. माझ्या हातात विमान, त्याच्या हातात नजर. दोघंही अर्धे. तो म्हणाला 'डावीकडे घे' तर कारण न विचारता घ्यावं लागतं, आणि मला काय करायचंय ते त्याला आधी सांगावं लागतं. इथे किल कुणाचा हा प्रश्न कुणी विचारत नाही, कारण एकट्याला तो मिळणंच शक्य नाही.

त्याहून गमतीचा माणूस म्हणजे कंट्रोलर. गंभीर सर्व्हरवर एक जण नुसता रडारचा नकाशा समोर घेऊन बसतो आणि रेडिओवरून सगळ्यांना दिशा सांगतो. त्याच्याकडे विमानच नसतं. तो काही पाडत नाही, त्याला कुणी पाडत नाही, आणि तो चांगला असेल तर पूर्ण बाजू जिंकते. लीडर म्हणजे सर्वांत पुढे उडणारा, ही माझी कल्पना त्याने मोडली.

आणि मग शब्द. खऱ्या हवाई दलांतले ठरावीक शब्द या खेळाडूंनी उचललेत. शत्रू दिसला तर 'टॅली'. नाही दिसला तर 'नो जॉय'. आपला साथीदार दिसतोय तर 'व्हिज्युअल'. आणि साथीदार दिसेनासा झाला तर 'ब्लाइंड'.

'ब्लाइंड' या शब्दावर मी बराच विचार केलाय. 'तू मला दिसत नाहीयेस' हे कबूल करायला एक अधिकृत शब्द आहे. त्यात लाज नाही, माफी नाही, कारणं नाहीत. म्हटलं की दुसऱ्याचं काम एवढंच, स्वतः कुठे आहे ते सांगायचं. न म्हणता तसंच उडत राहिलात तर तुम्ही दोघं नुसते शेजारून उडणारे दोन एकटे असता.

प्रत्यक्षात याची किंमत काय असते ते आपल्याला ठाऊक आहे. १४ डिसेंबर १९७१ ला श्रीनगरच्या तळावर हल्ला चालू असतानाच दोन नॅट विमानं उडाली. पुढे फ्लाइट लेफ्टनंट घुम्मन, मागे फ्लाइंग ऑफिसर निर्मलजितसिंग सेखों. उडताच दोघांची एकमेकांवरची नजर तुटली. सेखों पाकिस्तानी सेबर विमानांशी एकटे लढले आणि गेले. हवाई दलाला मिळालेलं आजवरचं एकमेव परमवीरचक्र त्यांचं. आपण ती एका शूराची गोष्ट म्हणून सांगतो, आणि ती आहेच. पण ती एका तुटलेल्या जोडीचीही गोष्ट आहे. ते एकटे लढायला उडाले नव्हते.

*

'डीसीएस' म्हणजे स्वर्ग आणि 'वॉर थंडर' म्हणजे बाजार, असं मला म्हणायचं नाही. 'डीसीएस'ला तगडा पीसी लागतो, जॉयस्टिक लागते, बहुतेक विमानं पैसे मोजून घ्यावी लागतात. सांगलीच्या त्या गच्चीलगतच्या खोलीत ते शक्य नव्हतं. शिवाय अपुरेपणामुळे माणसं आपोआप चांगली होत नाहीत. एका ग्रुपमध्ये लीडरला 'सर' म्हणावं लागे. 'ब्लाइंड' म्हटलं की तो सगळ्यांसमोर झापायचा. आठवड्याभरात तिथे कुणी 'ब्लाइंड' म्हणेनासं झालं. सगळेच 'व्हिज्युअल' म्हणत आणि आंधळे उडत. शब्द तोच, पण तो उच्चारायची सोय लीडरने काढून घेतली होती. खेळ भरवशाला जागा देऊ शकतो. त्या जागेचं काय करायचं ते माणसंच ठरवतात.

हे सगळं लिहायचं कारण गेल्या मार्चमध्ये घडलं. मी टीम लीड झालो आणि पहिल्यांदा इतरांचे अप्रेझल फॉर्म भरायला बसलो. आमच्यात एक जण आहे. रात्री सर्व्हर पडला की तोच उठतो. नव्या पोरांचा कोड तोच तपासतो. त्याच्या नावावर बंद झालेली तिकिटं टीममध्ये सर्वांत कमी. फॉर्ममध्ये आकड्यांचा रकाना होता. मी आकडा भरला, खाली 'व्हिजिबिलिटी वाढवण्याची गरज' असं लिहिलं, आणि हात थांबला. खाली दऱ्यांमधून वळत राहिलेलं ते विमान आठवलं. आता स्कोअरबोर्ड मीच होतो.

ते वाक्य खोडलं. त्याने काय-काय केलं ते तारखांसकट लिहिलं. दीड पान झालं. वरून उत्तर आलं की एवढं लिहायची पद्धत नाही, आणि रेटिंग काही फार बदललं नाही. रकाने माझ्या हातात नाहीत. पण त्याला बोलावून ते दीड पान वाचून दाखवलं. तो बराच वेळ काही बोलला नाही.

त्या रात्री मी सांगलीला फोन लावला. पाच किलच्या त्या मॅचबद्दल बोललो. म्हटलं, ती मॅच तू जिंकून दिली होतीस, आणि मी हसलो होतो. तो म्हणाला, "माहिताय मला. तुम्हाला कळलं नव्हतं, एवढंच." मग थोडं थांबून म्हणाला, "शनिवारी येतो. पण या वेळी मी वर चढणार. खाली तू जायचं."

शनिवारी मी खाली गेलो. माझ्या मागे तिघं लागले. दऱ्यांमधून वळता वळता मी म्हटलं, "ब्लाइंड." आमच्या खेळात या शब्दाची गरज नव्हती, त्याचं नाव माझ्या स्क्रीनवर हिरव्या अक्षरांत दिसत होतं. तरी तो म्हणाला, "तुझ्या उजवीकडं, वर. आलो."

मी दीड मिनिटात पडलो. त्याला दोन किल मिळाले. मॅच आम्ही हरलो.